अटलांटिकवरचा एक दिवस आणि पहिले शील

अमेरिकेतील बोस्टन शहर आणि आसपासच्या गावांत राहणारी आम्ही आठ-दहा बौद्ध कुटुंबे महिन्यातून एका रविवारी कोणाच्या तरी घरी जमतो. बुद्धवंदना होते, मुलांना बाबासाहेबांच्या चरित्रातील एखादा प्रसंग सांगितला जातो आणि मग घरोघरून आणलेले जेवण सर्वजण मिळून जेवतात. कोणी नागपूरचे, कोणी अमरावतीचे, कोणी पुण्याचे, तर कोणी मुंबईच्या चाळीत वाढलेले. २०२३ च्या सप्टेंबरमधील सहलीची बोलणी अशाच एका रविवारी निघाली. सहल राहिली बाजूला आणि घरात मोठा वाद झाला. तो वाद आणि त्यानंतरचा समुद्रावरचा दिवस, दोन्ही वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवावेसे वाटतात.

दरवर्षी आम्ही डोंगरात नाहीतर बागेत जात असू. या वेळी कॉलेजात जाणाऱ्या आमच्या दोन मुलांनी निराळाच बेत मांडला. एक बोट दिवसभरासाठी भाड्याने घ्यायची, खोल समुद्रात जायचे आणि ब्लूफिन ट्यूना पकडायचा. आपल्या कोकण किनाऱ्यावर कुपा, गेदर म्हणतात त्याच कुळातला हा मासा. पण आकाराने त्यांचा पणजोबा शोभेल असा. पूर्ण वाढलेला ब्लूफिन तीन मीटरपर्यंत लांब होतो. १९७९ साली कॅनडात नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर गळाला लागलेला एक मासा ६७९ किलो वजनाचा भरला होता. मुलांचे डोळे चमकत होते. मोठ्यांनाही बेत आवडला.

तेवढ्यात वऱ्हाडातून लेकीकडे आलेल्या आजी बोलल्या. "काऊन रे पोरांनो, आत्ताच हात जोडून पंचशील म्हटलं ना तुम्ही? अन् आता मजेसाठी जीव माराले चालले?"

घर एकदम शांत झाले. पंचशीलातील पहिलेच शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. आजींचे आईवडील त्या दिवशी त्या मैदानावर होते. त्यांच्यापुढे उडवाउडवीचे उत्तर चालणार नव्हते.

अमरावतीच्या काकांनी बाजू मांडली. "आपण कधी शाकाहारी होतो? सुकट, बोंबील, नदीतला मरळ यांवर आपली पिढी वाढली. आईने सुकट भाजायला घेतली की आधी खिडकी लावायची, शेजारी काय म्हणतील म्हणून. ताटात काय आहे यावरून माणसाची शुद्धता मोजणाऱ्यांनी आपल्याला पंगतीबाहेर बसवले. आता आपणच ते माप हातात घ्यायचे का?"

काकांचे म्हणणे खोटे नव्हते. पण आजींनी ताटाबद्दल काही विचारलेच नव्हते. त्यांनी विचारले होते मजेबद्दल!

मग ताईंनी कपाटातून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' काढला. १९५७ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात अहिंसेची चर्चा आहे. अहिंसा हे बाबासाहेबांच्या मते तत्त्व आहे, आंधळेपणाने पाळायचा नियम नव्हे. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत बुद्धाने फरक केला, असे ते दाखवून देतात. यज्ञातल्या पशुहत्येत नुसती इच्छा होती. दुसऱ्या टोकाला कधीही, काहीही झाले तरी न मारण्याचा हट्ट होता. बुद्धाचा मार्ग या दोहोंच्या मधला. नियमात माणसाला विचार करावा लागत नाही. तत्त्व मात्र प्रत्येक वेळी त्याला विचार करायला लावते.

विचार केल्यावर आमच्यातील कोणालाच ठामपणे 'गरज आहे' असे म्हणता येईना. बाजारात मासे मिळतातच. पण बाजारातला मासा दुसऱ्या कोणीतरी मारलेला असतो. आपण फक्त पैसे देतो आणि डोळे मिटतो. जे आपण खातो त्याचा जीव जाताना एकदा तरी समोर उभे राहावे, हे म्हणणेही सर्वांना पटले. शेवटी काही अटी ठरल्या. एकच मासा आणायचा. तो सर्व कुटुंबांनी खायचा, काही वाया घालवायचे नाही. फोटोसाठी मासा पकडून परत सोडण्याचा खेळ करायचा नाही. बोटीचे भाडे काही थोडे नव्हते. तेही सर्वांनी वाटून घ्यायचे. आजी म्हणाल्या, "आनलात तर शिजवीन मी. पन हासत हासत मारू नका."

ग्लॉस्टर हे बोस्टनच्या ईशान्येचे बंदर. अमेरिकेतील सर्वांत जुन्या मासेमारी बंदरांपैकी एक. १६२३ साली इथे पहिली वसाहत झाली. आम्ही आदल्या संध्याकाळीच पोचलो. किनाऱ्याच्या रस्त्यावर सुकाणूचे चाक दोन्ही हातांनी धरून समुद्राकडे पाहणाऱ्या कोळ्याचा कांस्यपुतळा आहे. १९२५ साली तो उभारला. त्याच्या भोवती धातूच्या पाट्यांवर समुद्रातून परत न आलेल्या इथल्या दर्यावर्दींची नावे कोरली आहेत, पाच हजारांहून अधिक. थोड्याच अंतरावर २००१ साली उभारलेले दुसरे स्मारक आहे. ते कोळ्यांच्या बायकांचे. एक स्त्री मुलांना जवळ घेऊन समुद्राकडे पाहत उभी आहे. तिथे ताई बराच वेळ थांबल्या. पोटासाठी समुद्रावर जाणाऱ्यांची ही गरज. तिच्यापुढे आमची सहल किती हलकी, हे कोणी बोलले नाही, पण सर्वांच्या मनात आले.

पहाटे साडेचारला धक्क्यावर हजर झालो. इथल्या कायद्याने अशा छोट्या भाड्याच्या बोटीवर सहाच प्रवासी नेता येतात. म्हणून काका, ताई, ताईंची बारा वर्षांची मुलगी, कॉलेजातली दोन मुले आणि हे लिहिणारे असे सहाच जण निघालो. बाकीची मंडळी किनाऱ्यावर थांबली. बोटीवर कप्तान आणि त्याचा एक मदतनीस. कप्तानाने आधी सर्वांना जीवरक्षक जाकिटे कुठे आहेत ते दाखवले, मग नियम सांगितले. ब्लूफिनसाठी बोटीला सरकारी परवाना लागतो. नाकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत अंगाच्या वळणावरून फीत धरून मासा मोजतात. २७ इंचांपेक्षा लहान असेल तर तो पाण्यात सोडावाच लागतो. मोठ्या माशांचेही गट पाडलेले असून कोणत्या गटातले किती ठेवायचे हे सरकार ठरवते आणि वर्षात मध्येच बदलूही शकते. आपल्याकडेही पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, हे काकांनी त्याला सांगितले. त्याने मान डोलावली. समुद्र थोडा मोकळा सोडला तरच तो पुन्हा देतो, हे दोन्ही किनाऱ्यांवरच्या माणसांना ठाऊक आहे.

बंदराबाहेर पडताच लाटांनी बोट उचलून आपटायला सुरुवात केली. ज्यांनी रात्रीच गोळी घेतली होती ते ठीक राहिले. काका आल्याचा तुकडा चघळत, नजर लांब क्षितिजावर ठेवून बसले. एका मुलाने मात्र गोळीला नकार दिला होता. तो पहिला तास कठड्याला धरूनच होता. अशा सहलीला जाणाऱ्यांनी गोळी निघण्यापूर्वी घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही.

उजाडले तेव्हा चारी बाजूंना पाणीच पाणी होते. याच अटलांटिकवरून १९१६ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठातील शिक्षण आटोपून न्यूयॉर्कहून लंडनला गेले. पुढे अवघ्या अकरा वर्षांनी, १९२७ साली, त्यांना महाडच्या तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. हा एवढा महासागर ओलांडणाऱ्या माणसाला एका तळ्याचे पाणी नाकारले जात होते! ताईंनी मुलीला हे सांगितले. मुलगी पाण्याकडे बघत गप्प राहिली.

आम्ही पोचलो ते ठिकाण म्हणजे स्टेलवॅगन बँक. बँक म्हणजे समुद्राच्या पोटातले पठार. हिमयुगातल्या हिमनद्यांनी मागे टाकलेल्या वाळू-खड्यांचे ते बनले आहे. अॅन आणि कॉड या दोन भूशिरांच्या मध्ये ते पसरले असून १८५४ साली त्याचे मोजमाप करणाऱ्या नौदल अधिकाऱ्याचे नाव त्याला मिळाले. १९९२ पासून हा भाग राष्ट्रीय सागरी अभयारण्य आहे, मात्र नियमांच्या चौकटीत मासेमारी चालते. पठाराच्या माथ्यावर पाणी जेमतेम तीस मीटर खोल. खालचे थंड, सकस पाणी या चढावर आदळून वर येते, त्यावर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांवर लहान मासे जगतात. त्यांत मुख्य म्हणजे वाळूत घुसून बसणारा, वीतभर लांबीचा, बारीक रुपेरी मासा. त्याच्यासाठी देवमासे येतात आणि त्याच्यासाठीच ब्लूफिनही येतो.

जिगिंग ही मासेमारीची रीत या रुपेरी माशाची नक्कल करते. जिग म्हणजे शिशासारखा जड, लांबट, चकचकीत धातूचा मासा; त्याच्या डोक्याशी दोरीच्या फासावर गळ बांधलेला असतो. त्याला ना किडा लावायचा ना आमिष. पडद्यावर माशांचा थवा दिसला की कप्तान खोली सांगतो. मग जिग सरळ खाली सोडायचा आणि रॉड झटक्याने वर घेत, रीळ फिरवत, पुन्हा किंचित खाली पडू देत वर आणायचा. जखमी मासा धडपडतो आहे असे खालच्या शिकाऱ्याला वाटते. बहुतेक वेळा तो जिग खाली पडत असतानाच झडप घालतो, म्हणून दोरी ढिली पडली की सावध राहायचे. ऐकायला सोपे वाटते. पाऊण तासात आमचे खांदे भरून आले आणि जिगला काहीच लागले नाही.

नऊच्या सुमारास, सकाळी उलट्या करणाऱ्या त्याच मुलाचा रॉड वाकून पाण्याला टेकला. रीळ किंचाळू लागले. मदतनिसाने धावत येऊन त्याच्या कमरेला पट्टा बांधला. दोरी शंभर-दीडशे मीटर एका दमात गेली. माशाने ओढायचे, मुलाने थांबायचे. मासा थांबला की मुलाने दोन-चार फेरे गुंडाळायचे. पंधरा मिनिटांनी त्याचे हात थरथरू लागले तेव्हा रॉड दुसऱ्या मुलाने घेतला. आम्ही सगळे ओरडत होतो, टाळ्या वाजवत होतो. खरे सांगायचे तर आजींचे शब्द त्या वेळी आमच्यापैकी एकालाही आठवले नाहीत.

अर्ध्या तासाने मासा वर आला. आधी खोलात एक हिरवट चमक दिसली, मग निळीशार पाठ, चंदेरी पोट आणि शेपटीजवळची पिवळी धमक लहान पिसे. तो बोटीच्या कडेने गोल फिरत होता. हा मासा पोहायचा थांबू शकत नाही. तोंड उघडे ठेवून पुढे जात राहिला तरच कल्ल्यांतून पाणी वाहते आणि श्वास चालतो. मदतनिसाने लांब दांड्याच्या आकड्याने त्याला वर ओढले, डोक्यात एक घाव घातला आणि छातीच्या पराच्या मागे सुरीने चीर दिली. लाल रक्त डेकवरून वाहत गेले. मोजून झाले, ४२ इंच. ओरडणे केव्हाच थांबले होते. ज्याने मासा ओढला तो मुलगा रॉड हातात धरून तसाच उभा होता.

मांस खराब होऊ नये म्हणून मासा लगेच साफ करून बर्फ आणि समुद्राचे पाणी यांच्या मिश्रणात ठेवायचा असतो. मदतनिसाने पोट उघडले आणि मुलीला म्हणाला, हात लावून बघ. तिने भीत भीत हात आत घातला आणि झटकन मागे घेतला.

"आई, हा गरम आहे!"

आम्ही सर्वांनी हात लावून पाहिला. खरोखरच उबदार होता. आपल्या ओळखीचे बहुतेक मासे पाण्याइतकेच थंड असतात. ब्लूफिनच्या शरीरात रक्तवाहिन्यांची दाट जाळी असते. काम करणाऱ्या स्नायूंकडून परतणारे गरम रक्त आणि कल्ल्यांकडून येणारे थंड रक्त तिथे शेजारून वाहते, आणि ऊब बाहेर न जाता आतच राहते. म्हणून तो गार पाण्यातही वेगाने पोहतो आणि अख्खा अटलांटिक ओलांडून जातो. कप्तानाने हे सगळे छान समजावून सांगितले. मुलीने ऐकून घेतले आणि हळूच विचारले, "म्हणजे आपल्यासारखाच ना?" कोणी उत्तर दिले नाही.

थोड्याच वेळात पडद्यावर पुन्हा थवा दिसला. कप्तान म्हणाला, नियमाने अजून ठेवता येईल, दिवस अजून बाकी आहे. एका मुलाचा हात रॉडकडे गेलाही. काकाच म्हणाले, "एक ठरला होता ना? मग झाले." ज्यांनी घरी ताटाची बाजू मांडली होती तेच काका! मदतनिसाला नवल वाटले. पूर्ण भाडे भरून एका माशावर थांबणारी मंडळी त्याने फारशी पाहिली नसावीत. ताईंनी त्याला कारण सांगितले. त्याने खांदे उडवले, पण रॉड गोळा करून ठेवले.

परतीच्या वाटेवर कप्तानाने या माशाची कथा सांगितली. घरी येऊन आम्ही ती वाचून ताडून पाहिली. साठच्या दशकापर्यंत या किनाऱ्यावर ब्लूफिनला किंमत नव्हती. हौसेने पकडायचा, फोटो काढायचा आणि मांजराच्या खाण्यासाठी विकायचा नाहीतर पुरून टाकायचा. १९७२ साली कॅनडातून विमानाने ब्लूफिन तोक्योच्या बाजारात गेला. जपानचा माल आणून रिकामी परतणारी विमाने त्याने भरू लागली. बघता बघता भाव चढले. २०१९ च्या जानेवारीत तोक्योच्या लिलावात याच कुळातला २७८ किलोचा एक मासा ३३ कोटी ३६ लाख येनला गेला. मासा तोच होता. कालपर्यंत त्याला फेकणारी दुनियाच त्याला सोन्याच्या भावाने घेऊ लागली. किंमत दुसऱ्यांनी ठरवण्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

भावाबरोबर हाव आली आणि मासा कमी होत गेला. २०१० साली दोहा येथे त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार थांबवण्याचा प्रस्ताव आला. तो फेटाळला गेला. मात्र अटलांटिकच्या ट्यूनाचे नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने मर्यादा घट्ट केल्या. पूर्व अटलांटिक आणि भूमध्य समुद्रासाठी २००७ साली २९,५०० टनांची परवानगी होती. ती २०१० साली १३,५०० टनांवर आणली. मासे पुन्हा वाढले. २०२१ साली जागतिक यादीत या जातीला धोक्याच्या वर्गातून बाहेर काढले गेले, जरी पश्चिमेकडचा साठा सत्तरच्या दशकाच्या मानाने अजून कमीच मानला गेला. म्हणजे गरज आणि इच्छा यांतला फरक राष्ट्रांनाही शिकावा लागला, आणि तो आकडे लिहून पाळावा लागला. आम्ही घरी बसून 'एकच' ठरवले होते, त्याचे हे मोठे रूप.

वाटेत कुबड असलेले दोन देवमासे दिसले. कप्तानाने नियमाप्रमाणे लांबच इंजिन मंद केले. पाण्यातून बुडबुड्यांचे कडे वर आले, त्या कड्यात कोंडलेले रुपेरी मासे उसळले आणि मधून भले मोठे उघडे तोंड वर आले. सकाळपासून प्रथमच मुलगी हसली.

संध्याकाळी आजींनी मासा पाहिला. "हे तं मटनावानी लाल आहे!" असे म्हणून त्यांनी पदर खोचला. जाड तुकडे करून हळद, मीठ, चिंचेचा कोळ लावला. कांदा-खोबरे भाजून वाटण केले, त्याचा रस्सा उकळल्यावर शेवटी तुकडे सोडले. ट्यूना जास्त शिजवला तर कोरडा आणि चिवट होतो; पाच-सात मिनिटे पुष्कळ झाली. मोठ्या ट्यूनाच्या मांसात पारा साठतो, म्हणून घरातल्या गरोदर सुनेला आणि अगदी लहान मुलांना आम्ही वरणभातच दिला. वाचकांनीही हे ध्यानात ठेवावे. डोके आणि काट्यांचे कालवण झाले. दहा घरांत वाटे गेले. त्या दिवशी खिडक्या उघड्याच होत्या.

ताईंच्या मुलीने मासा खाल्ला नाही. ताई तिला समजावू लागल्या, की आता मारलाच आहे तर वाया का घालवायचा. आजींनी त्यांना थांबवले. "नको खाऊ दे तिले. तिच्या हाताले कळलं ते खोटं नाही." मग स्वतःच्या ताटातला तुकडा त्यांनी खाल्ला, काटा बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "मले बी पहिल्यांदा कोंबडी कापाले लावली तवा दोन दिवस जेवन गेलं नव्हतं. मंग पोटानं शिकवलं. हिचं पोट भरलेलं आहे, हिनं इचार करावा."

आम्ही केले ते बरोबर की चूक, यावर आमच्यात आजही एकमत नाही. काका म्हणतात, एक मासा डोळे उघडे ठेवून मारला, सर्वांनी खाल्ला, यात शील मोडले नाही. ताई म्हणतात, त्या अर्ध्या तासात आपण ज्या टाळ्या वाजवल्या त्या गरजेच्या नव्हत्या. दोघांचेही म्हणणे आम्हाला खरे वाटते. मात्र पुढच्या रविवारी वंदनेला बसलो आणि पहिले शील आले, तेव्हा नेहमीसारखे ते ओठांवरून घसरून गेले नाही. अनेक वर्षे पाठ असलेल्या त्या शब्दांचा अर्थ त्या दिवशी अनेकांच्या चेहऱ्यावर दिसला.

पुढच्या सहलीचे बोलणे निघाले तेव्हा मुलांनी दोन याद्या केल्या. एक मासेमारीच्या बोटीची, दुसरी नुसते देवमासे पाहायला जाणाऱ्या बोटीची. मुलीने आपले नाव दुसऱ्या यादीत लिहिले. तिच्या खाली, कोणालाही काही न सांगता, मासा ओढणाऱ्या त्या मुलाने आपले नाव लिहिले. आजी तेव्हा गावी परतल्या होत्या. फोनवर त्यांना सांगितले तर म्हणाल्या, "माहं बी नाव टाका त्याच यादीत. मले बी पाहाचा आहे तो मोठा मासा."

जय भीम!